मिसिसिपी : काटा कोणाच्या हातात?

वऱ्हाडात कापूस विकायला गेलेल्या शेतकऱ्याची नजर सगळ्यांत आधी काट्यावर जाते. भावाचं नंतर बघू, आधी वजन नीट लागू दे. माझे आजोबा घरून गाठोडी मोजून न्यायचे आणि तरीही काटा स्थिर होईपर्यंत कोणाशी बोलायचे नाहीत. ‘काटा मारला’ हे शब्द मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकले. पुढे अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याचा इतिहास वाचायला लागलो, तेव्हा तह, लढाया, कायदे यांची नुसती गर्दी होत होती, काही केल्या डोक्यात बसेना. मग कापसाच्या शेतावर काम करणाऱ्या एका बाईच्या लपवलेल्या वजनाची हकीकत वाचली आणि सगळं एकदम जागच्या जागी बसलं. ती बाई पुढे येईलच. सुरुवात जमिनीपासून करू.

मिसिसिपी हे अमेरिकेच्या दक्षिणेतलं राज्य. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी, लोकसंख्या जेमतेम ३० लाख, म्हणजे साधारण आपल्या एका अमरावती जिल्ह्याएवढी. पश्चिमेच्या सीमेवरून मिसिसिपी नदी वाहते. राज्याच्या वायव्येला ही नदी आणि याझू नदी यांच्यामध्ये गाळाचा एक लांबट पट्टा आहे, त्याला तिथले लोक ‘डेल्टा’ म्हणतात. शाळेत शिकलेला, नदी समुद्राला मिळते तिथला त्रिभुज प्रदेश तो हा नाही. तो खाली लुइझियाना राज्यात आहे. हा पट्टा म्हणजे हजारो वर्षांच्या पुरांनी आणून टाकलेल्या गाळाचं सुमारे ३०० किलोमीटर लांबीचं सपाट मैदान. कितीही खणा, दगड लागत नाही. अशी जमीन आणि वर लांबलचक उष्ण उन्हाळा. कापसाला आणखी काय हवं?

पण ही जमीन मोकळी नव्हती. नॅचेझ, चॉक्टॉ आणि चिकसॉ हे लोक इथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. १६९९ मध्ये फ्रेंच किनाऱ्यावर उतरले. १७२९ मध्ये नॅचेझ लोकांनी त्यांच्याविरुद्ध उठाव केला आणि त्याची शिक्षा म्हणून ती जमातच देशोधडीला लावली गेली. आज त्यांचं नाव एका गावाला उरलं आहे. नंतर इंग्रज आले, स्पॅनिश आले, आणि १८१७ मध्ये मिसिसिपी अमेरिकेचं २० वं राज्य झालं. खरा घाव बसला तो १८३० मध्ये. ‘डान्सिंग रॅबिट क्रीक’ या ओढ्याकाठी झालेल्या तहात चॉक्टॉंकडून सुमारे १ कोटी १० लाख एकर जमीन काढून घेण्यात आली. दोन वर्षांनी चिकसॉंचीही पाळी आली. हजारो चॉक्टॉ कुटुंबं ऐन थंडीत नदीपलीकडे हाकलली गेली आणि वाटेत किती माणसं मेली याची मोजदाद धड कोणी ठेवली नाही. ज्यांना मागे राहायचं होतं त्यांना तहातल्या एका कलमाने जमीन मिळायची होती. नोंदणी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने बहुतेकांची नावं लिहूनच घेतली नाहीत. मिसिसिपीच्या इतिहासात नोंदवही हे हत्यार झालेलं दिसतं ते इथून.

आता बी आणि यंत्र. आखूड धाग्याच्या कापसात सरकी रुईला इतकी घट्ट चिकटलेली असते की हाताने सोडवायला बसलं तर दिवसभरात अर्धा किलो रुईसुद्धा मुश्किलीने निघते. १७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकी काढायचं यंत्र बनवलं आणि ही अडचण संपली. पुढे मिसिसिपीतल्याच रॉडनी या नदीकाठच्या गावी मेक्सिकोच्या बियाण्यापासून नवा वाण तयार झाला. त्याची बोंडं चांगली फुलायची, त्यामुळे वेचणी भराभर व्हायची. जमीन मिळाली, बी मिळालं, यंत्र मिळालं. उरली वेचणी. तिला यंत्र नव्हतं.

ज्याने कापूस वेचला आहे त्याला हे सांगायला नको. बोंड उकललं की त्याच्या पाकळ्यांची टोकं वाळून सुईसारखी होतात आणि नेमकी नखाच्या कडेला घुसतात. दुपारपर्यंत बोटं चरचरायला लागतात. कमरेत वाकून, खांद्याला झोळी अडकवून, एकेक बोंड रिकामं करत जायचं. हे काम मिसिसिपीत गुलामांनी केलं. तंबाखूच्या पिकाने जमिनी दमलेल्या व्हर्जिनिया आणि मेरीलँडकडून सुमारे १० लाख गुलाम खालच्या दक्षिणेतल्या राज्यांकडे हलवले गेले. कोणी विकले गेले, कोणी मालकाबरोबर आले. नॅचेझ गावाबाहेरचा ‘फोर्क्स ऑफ द रोड’ हा या भागातला न्यू ऑर्लीन्सखालोखाल मोठा गुलामांचा बाजार होता. संध्याकाळी प्रत्येकाच्या टोपलीचं वजन व्हायचं, आकडा पाटीवर किंवा वहीत चढायचा, आणि ठरल्यापेक्षा कमी भरलं तर चाबूक. एखाद्या दिवशी जास्त भरलं तर दुसऱ्या दिवसापासून तोच आकडा बांधून दिला जायचा.

१८६० च्या शिरगणतीत मिसिसिपीची लोकसंख्या ७,९१,३०५ होती आणि त्यातले ४,३६,६३१ गुलाम होते. दर १०० माणसांत ५५. त्या वर्षी देशात सर्वांत जास्त कापूस याच राज्यात पिकला, सुमारे १२ लाख गाठी. त्यामुळे १८६१ च्या ९ जानेवारीला मिसिसिपी संघराज्यातून फुटून निघालं तेव्हा त्यांनी कारण लपवलंही नाही. जाहीरनाम्यात सुरुवातीलाच त्यांनी लिहिलं की आमची भूमिका गुलामगिरीच्या व्यवस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे. यातून पेटलेलं उत्तर-दक्षिण युद्ध ‘राज्यांच्या अधिकारांसाठी’ होतं असं आजही कोणी सांगितलं, तर हा जाहीरनामा त्याच्यापुढे ठेवावा. फुटीर राज्यांचा अध्यक्ष झाला तो जेफरसन डेव्हिसही मिसिसिपीचाच सिनेटर.

या यादवी युद्धाची झळ आणि ऊब दोन्ही आपल्यापर्यंत पोचली. इंग्लंडच्या गिरण्यांचा तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेतून जायचा. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली आणि मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी मुंबईकडे तोंड वळवलं. खानदेश, वऱ्हाड, गुजरातच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, मुंबईत बँका आणि समुद्र बुजवण्याच्या कंपन्या पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या, प्रेमचंद रायचंद यांचं नाव घरोघरी झालं. १८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती शरण आला आणि त्याच वर्षी मुंबईचा हा फुगा फुटला. खरं तर संबंध त्याआधीचा आहे. १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने कापसाची शेती शिकवायला अमेरिकेच्या दक्षिणेतून, प्रामुख्याने मिसिसिपीकडून, १० मळेवाले हिंदुस्थानात आणले होते. त्यांचे बहुतेक प्रयोग फसले, पण तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या धारवाडकडे अमेरिकन वाण रुजला. आज विदर्भात शेतांमधून उभी असलेली बहुतेक पऱ्हाटी त्याच अमेरिकन जातीची आहे.

इकडे मिसिसिपीत १८६३ मध्ये व्हिक्सबर्ग या नदीवरच्या शहराला जनरल ग्रँटने ४७ दिवस वेढा घातला. माणसं टेकड्यांच्या मातीत गुहा खोदून राहिली. ४ जुलैला शहर पडलं आणि नदी उत्तरेच्या ताब्यात गेली.

इथून पुढची दहाबारा वर्षं मला या इतिहासातली सर्वांत मोलाची वाटतात, कारण ‘तिथले लोकच तसे, दुसरं काही शक्यच नव्हतं’ हा समज ती खोटा पाडतात. युद्ध संपताच, १८६५ मध्ये, गोऱ्यांच्या विधिमंडळाने कायदे करून सुटलेल्या गुलामांना पुन्हा जखडायचा प्रयत्न केला. दर जानेवारीत नोकरीचा लेखी पुरावा दाखवायचा, करार संपायच्या आत काम सोडलं तर वर्षाची मजुरी बुडाली, गावाबाहेर शेतजमीन खंडाने घ्यायची नाही. पण वॉशिंग्टनच्या काँग्रेसने हस्तक्षेप केला, कृष्णवर्णीय पुरुषांना मताचा अधिकार मिळाला, आणि ज्या राज्यात ते बहुसंख्य होते तिथे त्यांनी तो वापरला. १८७० मध्ये हायरम रेव्हेल्स हे अमेरिकेच्या सिनेटमधले पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले, तेही मिसिसिपीतून. गुलाम म्हणून वाढलेले जॉन लिंच पंचविशीच्या आत राज्याच्या विधानसभेचे अध्यक्ष झाले. सगळ्यांसाठी सरकारी शाळा पहिल्यांदा याच काळात निघाल्या.

याच दिवसांत, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना ते अर्पण केलं. ती अर्पणपत्रिका छापली जात होती तेव्हा मिसिसिपीच्या विधानसभेत कालचे गुलाम कायदे करत होते. पुढे दोनच वर्षांत काय होणार हे कोणाला ठाऊक होतं?

१८७५ च्या निवडणुकीआधी गोऱ्यांच्या सशस्त्र टोळ्यांनी सभा उधळल्या, माणसं मारली, मतदारांना रानात पळवून लावलं. राज्यपाल एम्स यांनी राष्ट्राध्यक्षांकडे फौज मागितली. राष्ट्राध्यक्ष होते तेच ग्रँट, ज्यांनी १२ वर्षांपूर्वी व्हिक्सबर्ग जिंकलं होतं. फौज आली नाही. उत्तरेला दक्षिणेतल्या रोजच्या कटकटींचा कंटाळा आला होता. कंटाळ्यापायी एखाद्या समाजाचं शंभर वर्षांचं नुकसान होऊ शकतं, ते इथे झालं.

बंदुकीने मिळवलेलं १८९० मध्ये कागदावर पक्कं केलं गेलं. राज्याच्या नव्या घटनेत मत द्यायला दोन डॉलरची पट्टी बसवली, आणि घटनेतलं कोणतंही कलम वाचून दाखवण्याची किंवा त्याचा अर्थ नोंदणी अधिकाऱ्याला पटेल असा सांगण्याची अट घातली. या अटींत ‘काळा’ हा शब्द कुठेही नव्हता. अर्थ बरोबर की चूक हे ठरवणारा माणूस मात्र गोरा होता. काही वर्षांत कृष्णवर्णीय मतदार लाखाच्या वरून नऊ हजारांच्या आत आले, आणि १८९८ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने या अटी चालवून घेतल्या.

मत काढून घेण्याची एवढी घाई का होती, हे शेतात गेल्याशिवाय कळत नाही. डेल्टाचं जंगल आता तोडलं जात होतं, बांध घातले जात होते, नवी जमीन कापसाखाली येत होती. गुलाम उरले नव्हते, मजूर हवे होते. त्यातून अर्धेलीची पद्धत आली. जमीन, खेचर, अवजारं, बी मालकाचं, मेहनत अख्ख्या कुटुंबाची, पीक निम्मं-निम्मं. ऐकायला बरं वाटतं. आपल्याकडेही अर्धेली, बटई आहेच. पण मार्चपासून पीक हाती येईपर्यंत खायचं काय? त्यासाठी मालक पीठ, डुकराचं खारवलेलं मांस, रॉकेल, कापड उधारीवर द्यायचा. तिथला शब्द ‘फर्निश’, आपला शब्द खावटी. दुकान मालकाचं, भाव मालकाचा, व्याज मालकाचं, आणि वहीही मालकाच्या कचेरीत. कापूस सरकी काढायला त्याच्याच जिनमध्ये जायचा, त्याच्याच काट्यावर चढायचा. डिसेंबरात हिशेबाला बोलावणं यायचं. दाराशी उभं राहायचं, कारकून वहीतून वाचून दाखवायचा : इतका कापूस, इतकी उचल, इतकं व्याज, यंदा तुझ्याकडेच इतके निघतात. चार आकडे बेरीज करता येणारा माणूसही वही दाखवा म्हणू शकत नव्हता. म्हटलं तर तो खोटारडेपणाचा आरोप ठरायचा, आणि तशा आरोपाची शिक्षा रात्री दारात यायची. तक्रार कोणाकडे करायची? शेरीफ, न्यायाधीश, ज्युरी सगळे मतदारांतून येत, आणि मतदारयादीत फक्त मालकाच्या बाजूची माणसं होती. मतपेटीतून तो काटा आणि ती वही सुटली असती, म्हणून तिला हात लावू द्यायचा नव्हता.

१९२७ च्या महापुरात हे उघड दिसलं. २१ एप्रिलला ग्रीनव्हिलच्या वरच्या अंगाला बांध फुटला आणि डेल्टा पाण्याखाली गेला. हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं बांधाच्या अरुंद माथ्यावर अडकली. त्यांना न्यायला बोटी आल्या होत्या. पण एकदा गेलेले मजूर परत यायचे नाहीत, या भीतीने जमीनदारांनी त्यांना नेऊ दिलं नाही. बांधावर सशस्त्र पहारा बसवला आणि मदतीचं धान्य कामाच्या बदल्यात दिलं.

माणसं तरीही गेली. रेल्वेने शिकागोला, डेट्रॉइटला, लाखोंनी. ब्लूज हे संगीत याच शेतांतून उगवलं आणि त्याच गाड्यांतून उत्तरेला पोचलं. क्लार्क्सडेलजवळच्या एका मळ्यावर ट्रॅक्टर चालवणाऱ्या मडी वॉटर्सने तासाला साडेबावीस सेंटांऐवजी पंचवीस मागितले, नकार मिळाला, आणि १९४३ मध्ये त्याने शिकागोची गाडी पकडली. पुढच्याच वर्षी, १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये, त्याच क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यावर कापूस वेचणाऱ्या यंत्रांचं जाहीर प्रात्यक्षिक झालं. हाताने वेचलेल्या गाठीला सुमारे ३९ डॉलर खर्च येत होता, यंत्राने सुमारे ५. ज्यांना दीडशे वर्षं जाऊ दिलं नाही, ती माणसं एका दुपारच्या हिशेबात नकोशी झाली.

१९५५ मध्ये शिकागोहून नातेवाइकांकडे आलेल्या १४ वर्षांच्या एमेट टिलला गोऱ्या बाईशी आगाऊपणा केल्याच्या आरोपावरून मारून टॅलाहॅची नदीत फेकलं. प्रेत वर येऊ नये म्हणून त्याच्या गळ्याला काटेरी तारेने काय बांधलं होतं? कापसाच्या जिनमधला लोखंडी पंखा. सगळ्या गोऱ्या ज्युरींनी तासाभरात आरोपींना सोडलं. त्याच्या आईने, मेमी टिल यांनी, शवपेटी उघडी ठेवायला लावली. माझ्या मुलाचं काय केलं ते जगाला दिसू दे, असं त्या म्हणाल्या. त्या उघड्या पेटीचं छायाचित्र पाहून मोठी झालेली पिढीच पुढच्या लढ्यात उतरली.

आणि आता ती बाई. फॅनी लू हेमर. २० भावंडांतली सर्वांत धाकटी, सहाव्या वर्षापासून कापूस वेचणारी, रूलव्हिलजवळच्या मळ्यावर १८ वर्षं टाइमकीपर, म्हणजे मजुरांचं काम आणि वजन मांडणारी. मालकाच्या काट्यात खोट आहे हे तिला माहीत होतं. म्हणून तिने काट्याच्या दांड्यावर सरकवायचं एक स्वतःचं, खरं वजन जवळ ठेवलं होतं. मालकाचा माणूस आसपास नसला की ते काढायचं, त्यावर मजुरांचा कापूस तोलायचा, पाऊल वाजलं की पुन्हा लपवायचं. मताधिकाराची चळवळ त्या गावात पोचायच्या आधीची ही गोष्ट. पकडली गेली असती तर काय झालं असतं, याचा विचार आला की माझ्या अंगावर काटा येतो.

१९६२ च्या ३१ ऑगस्टला ती बसने इंडियानोलाच्या कचेरीत नाव नोंदवायला गेली. राज्यघटनेच्या १६ व्या कलमाचा अर्थ लिही, असं तिला सांगितलं गेलं. ती नापास झाली. त्याच संध्याकाळी मालकाने सांगितलं, नाव मागे घे नाहीतर मळा सोड. तिने रातोरात मळा सोडला. पुढच्या वर्षी विनोना गावच्या तुरुंगात तिला इतकं मारलं की शरीर कायमचं अधू झालं. १९६४ च्या उन्हाळ्यात मतनोंदणीसाठी देशभरातून विद्यार्थी मिसिसिपीत आले, त्या मोहिमेतले तिघे कार्यकर्ते खून होऊन एका मातीच्या धरणात पुरले गेले. ऑगस्टमध्ये हेमर डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात उभी राहिली आणि हे सगळं साध्या शब्दांत सांगू लागली. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ऐनवेळी स्वतःची पत्रकार परिषद बोलावली, टीव्हीचे कॅमेरे तिकडे वळले. संध्याकाळच्या बातम्यांत वाहिन्यांनी तिचं बोलणं पुन्हा दाखवलं, आणि ते देशाने ऐकलं.

१९६५ मध्ये मताधिकाराचा कायदा झाला. त्याआधी मिसिसिपीतल्या पात्र कृष्णवर्णीयांपैकी ७ टक्क्यांहून कमी लोकांची नावं यादीत होती. दोन वर्षांत ती ६० टक्क्यांच्या आसपास गेली. तोवर यंत्रांनी हातचं काम नेलं होतं आणि डेल्टात लोक उपाशी होते. हेमरने १९६९ मध्ये देणग्यांतून जमीन घेऊन सहकारी शेती काढली, गरजू कुटुंबांना गाभण डुकरीण द्यायची, पिल्लं पुढच्या कुटुंबाला. काही वर्षांत ती शेती पैशाअभावी बंद पडली. १९७७ मध्ये ती गेली, आणि त्याच जमिनीत तिला पुरलं.

गुलामगिरी रद्द करणाऱ्या घटनादुरुस्तीला मिसिसिपीने मंजुरी दिली १९९५ मध्ये, आणि तिची रीतसर नोंद झाली २०१३ मध्ये. फुटीर राज्यांचं चिन्ह असलेला झेंडा उतरला २०२० मध्ये. राज्य आजही देशातल्या सर्वांत गरीब राज्यांत मोडतं. डेल्टात आता कापसाबरोबर सोयाबीन, मका, भात आहे, मोठमोठी यंत्रं आहेत आणि शेतात माणूस शोधावा लागतो. २०२१ मध्ये तिथल्या काही कृष्णवर्णीय शेतमजुरांनी न्यायालयात दावा लावला. मळेवाल्याने दक्षिण आफ्रिकेतून गोरे मजूर तात्पुरत्या व्हिसावर आणले होते. त्यांना तासाला ११ डॉलरहून जास्त, आणि तेच ट्रॅक्टर वर्षानुवर्षं चालवणाऱ्या, नव्यांना काम शिकवणाऱ्या इथल्या माणसांना सव्वासात-सव्वाआठ. या वेळी मालकाच्या हिशेबाचे आकडे कोर्टापुढे ठेवले गेले.